एक डोळा मिटून

बाईंनी पर्समधून गाळणकागदाची गोल चकती काढली, टॅबच्या पडद्याला अगदी चिकटवून धरली आणि डावा डोळा मिटून दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. पडद्यावर दुकानदाराने त्यांच्या सांगण्यावरून एक कोरं पान उघडून ठेवलं होतं.

“पिवळट आहे,” त्या म्हणाल्या.

“काय पिवळट आहे, मावशी?”

“पडदा. आणि मी तुमची मावशी नाही.”

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि काउंटरवर ओणवा झाला. “तुमचा कागद आणि माझा पडदा, मला तर जुळे भाऊ दिसतात. यात फरक कुठेय?”

“फरक नाहीच. कागदही पिवळट आहे. आज सकाळीच नवा डबा फोडला. पुरवठादाराने जुना माल खपवलेला दिसतो.”

“म्हणजे माझाही माल खराब आणि कागदवाल्याचाही.”

“असू शकतो.”

दुकानदाराने मान डोलावली. दुपारचे बारा वाजले होते, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. दुकान बोळकंडीसारखं लांब आणि अरुंद होतं. एका बाजूला काचेचा काउंटर, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत रचलेले खोके, आणि मधल्या जागेत एका वेळी एकच माणूस मावेल एवढीच वाट. त्या वाटेत बाई पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या.

टॅब वीतभर होता. शाळेच्या वहीपेक्षा लहान, अंगावर एकही ओरखडा नाही, किंमत दोन जोडी चांगल्या बुटांइतकी. नेमकं हेच बाईंना खटकत होतं.

“इतका स्वस्त का?”

“छोटा आहे म्हणून.”

“छोट्याला काच कमी लागते, हे मान्य. पण आतलं बाकी सगळं तेवढंच लागतं ना? मग तुम्ही कमी काय केलंत?”

“मी काही केलं नाही हो. मी फक्त विकतो.”

“तेच म्हणतेय. तुम्हाला माहीतच नाही.”

दुकानदार हसला. या बाईंच्या घरी दूध घालणाऱ्या माणसाची त्याला मनापासून दया आली असावी. तशी ती यायला हरकत नव्हती. बाईंनी गेल्या सहा महिन्यांत तीन दूधवाले बदलले होते. दूध पिवळट दिसतं, काहीतरी मिसळतात, असं त्यांचं म्हणणं. चादरी लॉन्ड्रीतून दोनदा परत पाठवल्या होत्या. घराला पांढरा रंग काढून गेलेल्या रंगाऱ्याचे शेवटचे पैसे अजून दिले नव्हते, कारण हा पांढरा आपण ठरवलेला पांढरा नव्हे, अशी त्यांची खात्री होती. यजमान म्हणाले होते, “अगं, मला तर सगळं स्वच्छ दिसतंय.” त्यावर बाई म्हणाल्या होत्या, “तुम्हाला काय, सगळंच स्वच्छ दिसतं.”

*

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत बाईंना येऊन एकतीस वर्षं झाली होती. मागे सगळे त्यांना ‘परतबघू’ म्हणत, कारण कुठलीही नोंद पुढे केली की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. परत बघू. त्यांना हे नाव ठाऊक होतं, आणि मनातून ते थोडं आवडतही होतं.

त्यांचं मुख्य काम पाण्याचा जडपणा मोजण्याचं. चंबूत पाणी घ्यायचं, त्यात चिमूटभर रंग टाकायचा, पाणी लालसर जांभळं होतं. मग वर टांगलेल्या ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या लांब काचेच्या नळीतून, थेंब थेंब द्रावण सोडत जायचं. जांभळा उतरत जातो आणि कुठल्यातरी एका थेंबाला पाणी स्वच्छ निळं होतं. त्या थेंबाला थांबायचं. किती द्रावण लागलं ते नळीवर वाचायचं. झालं. यंत्र नाही, काटा नाही. सगळा कारभार डोळ्यावर.

वाचताना बाई डावा डोळा मिटत. कॉलेजात त्यांच्या शिक्षकांनी शिकवलं होतं, खुणेसमोर एकच डोळा सरळ आणायचा, दुसरा मिटायचा, नाहीतर आकडा वरखाली दिसतो. ती सवय पुढे इतकी अंगात मुरली की रंग बघताना, सुईत दोरा ओवताना, दुधाच्या पातेल्यात वाकताना, भिंतीकडे बघतानाही डावा डोळा आपोआप मिटे. यजमान अजून चारचौघांत सांगत, “पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा मला वाटलं, पोरीने डोळा मारला. लग्न ठरल्यावर कळलं, ती माझी उंची मोजत होती.”

अकरा महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेत एक मुलगी आली. अकरा महिने झाले तरी तिला सगळे ‘नवी’च म्हणत. हुशार होती, हात हलका होता, काचेला काच लागू द्यायची नाही. पहिल्याच आठवड्यात तिने वहीतला चुकलेला आकडा पांढऱ्या शाईने पुसला, तेव्हा बाईंनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. “चूक पुसायची नसते. आडवी एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. आपण काय चुकलो होतो ते कळायला नको?” त्यानंतर नवीने पुन्हा कधी काही पुसलं नाही.

पण गेल्या सहा-सात महिन्यांपासून नवीचे आकडे बाईंशी जुळेनात. तेच पाणी, तेच द्रावण, तीच नळी, आणि नवीचा आकडा दरवेळी थोडा कमी. दोन थेंब, कधी चार. पोरगी घाई करते, जांभळा पुरता उतरायच्या आधीच थांबते, असं बाईंनी ठरवून टाकलं. एकदा त्यांनी तिला न सांगता, ज्याचा जडपणा आधीच ठाऊक होता असं पाणी तपासायला दिलं. नवीचं उत्तर कमी आलं. बाईंनी स्वतः तेच पाणी तपासलं, उत्तर काट्यावर बरोबर. याहून मोठा पुरावा त्यांना नको होता.

नवी वाद घालत नसे. संध्याकाळी सगळे गेल्यावर तेच नमुने पुन्हा घेऊन बसे. पुन्हा कमीच आकडा येई, आणि तोच ती निमूट वहीत लिही. बाईंना तो हट्ट वाटे.

आणि आठ दिवसांपूर्वी तिने साहेबांकडे अर्ज दिला. एक छोटा, स्वस्तातला टॅब घ्यावा. स्टँडवर लावायचा, मागे पांढरा पुठ्ठा, आणि प्रत्येक चंबूचा शेवटच्या थेंबाला फोटो काढून ठेवायचा. खाली लिहिलं होतं, ‘म्हणजे रंग नंतरही पाहता येईल.’

ते वाक्य बाईंनी तीनदा वाचलं होतं. नंतर पाहता येईल म्हणजे कोणाला? कशाला? इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांना तेव्हाच कळलं. पोरीला त्यांच्यावर पहारा बसवायचा होता.

साहेब दोघींच्या आकड्यांना कंटाळले होते. आज सकाळी त्यांनी बाईंना बोलावलं.

“बाई, तो टॅब तुम्हीच जाऊन बघून या. मी दुकान सांगतो. तुम्ही हो म्हणालात तर घेऊ, नाही म्हणालात तर विषय बंद.”

“मीच का?”

“कारण तुम्ही नाही पाहिलात तर आल्यावर नावं ठेवाल.” मग त्यांनी टेबलावरून एक फॉर्म सरकवला. “आणि हा नवीचा. तिला कायम करायचं की नाही, वरिष्ठ म्हणून तुमचा शेरा लागेल. पाचपर्यंत द्या. उद्या वर पाठवायचाय. नकार गेला तर या महिन्याअखेर तिला मोकळं करावं लागेल.”

बाईंनी तिथेच, उभ्या उभ्या, शाईने लिहिलं होतं, ‘नोंदी घाईने घेते. आकडे विश्वासार्ह नाहीत. शिफारस नाही.’ सही केली. साहेबांनी हात पुढे केला, पण बाईंनी फॉर्म घडी घालून पर्समध्ये टाकला.

“पाचला देते. परत एकदा बघते.”

निघताना नवी दाराशी आली. तिच्या हातात कापसात गुंडाळलेल्या, सपाट बुडाच्या दोन बुचाच्या परीक्षानळ्या होत्या.

“मॅडम, या घेऊन जा ना. एक शेवटच्या थेंबाची आहे, एक त्याच्या जरा आधीची. दोन्हींचा फोटो काढून बघा. टॅबला फरक कळला तरच उपयोग.”

“कोणती कोणती आहे?”

“बुडाशी लिहिलंय. पण आधी नका बघू,” नवी म्हणाली, आणि बाईंनी नजर तिच्यावर रोखली तशी घाईने पुढे म्हणाली, “तुम्हीच शिकवलंत ना. उत्तर माहीत असलं की डोळा तेच बघतो.”

*

“आणखी काही बघायचंय, मॅडम?” दुकानदाराने विचारलं. मावशीवरून तो एवढ्या वेळात मॅडमवर आला होता.

बाईंनी कापूस उलगडला. दोन्ही नळ्या एका पांढऱ्या खोक्यावर उभ्या केल्या, मागे गाळणकागद टेकवला.

“याचा फोटो काढा.”

दुकानदाराने फोटो काढला, टॅब त्यांच्यासमोर धरला. बाईंनी डावा डोळा मिटला. पडद्यावर दोन नळ्या होत्या. दोन्हींत जांभळट छटा होती. एकीत जरा जास्त असेल, एकीत जरा कमी, पण निळी म्हणावी अशी एकही नव्हती.

त्यांनी पडद्यावरून नजर काढून खऱ्या नळ्यांकडे पाहिलं. तिथेही तेच.

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. म्हणजे हे असं आहे तर. पोरीने दोन्ही नळ्या अर्धवटच दिल्या आहेत. बाई ‘हो, ही निळी’ म्हणून मोकळ्या होतात का ते बघायला. किंवा तिला खरंच हे निळं वाटतं, आणि तसं असेल तर पर्समधला शेरा सोळा आणे खरा.

“तुम्हाला कसा दिसतो रंग?” त्यांनी दुकानदाराला सहज विचारलं. माल विकणारा माणूस काय बोलतो ते त्यांना बघायचं होतं.

“हा जांभळा,” त्याने डावीकडच्या नळीवर बोट ठेवलं, “आणि हा निळा.”

“निळा?”

“आकाशासारखा. का हो?”

“जरा नीट बघून सांगा.”

“मॅडम, मी तुम्हाला टॅबबद्दल खोटं बोललो तर समजू शकतो. नळीबद्दल खोटं बोलून मला काय मिळणार?”

ज्याला उत्तर नाही अशा प्रश्नाचा बाईंना मनस्वी राग येई.

“दुसरा पीस दाखवा. न उघडलेला.”

दुकानदाराने वरच्या फळीवरून एक खोका ओढून काढला. त्यावर महिन्याभराची धूळ बसली होती. त्याने ती काउंटरवर नको म्हणून तोंड वळवून फुंकर मारली, आणि नेमका त्याच वेळी मागचा पंखा गरकन त्याच्याकडे वळला. धूळ उलटी आली. बाईंनी ‘अगं आई’ म्हणत उजव्या डोळ्यावर हात दाबला.

“सॉरी, सॉरी! पाणी देऊ?”

“नको. तुम्ही खोका उघडा.”

रुमाल डोळ्यावर धरून त्या उभ्या राहिल्या. डोळ्यातून पाणी वाहत होतं. दुकानदार खोक्याची चिकटपट्टी कापत होता, ती सुबक कापतो की ओरबाडतो हे बघायला त्यांनी काउंटरकडे पाहिलं. पलीकडच्या पांढऱ्या खोक्यावर नळ्या तशाच उभ्या होत्या. एक जांभळी होती.

दुसरी निळी होती.

बाईंची मान ताठ झाली.

“तुम्ही काय केलंत?”

“मी? फुंकर मारली. चुकून.”

“नळीला हात लावलात?”

“शप्पथ नाही.”

“दिवा बदललात? काही बटण दाबलंत?”

“मॅडम, माझे दोन्ही हात खोक्यात आहेत.”

ते खरं होतं. बाईंनी पुन्हा पाहिलं. निळी. शंका घ्यायला जागा नाही इतकी निळी. त्यांनी नळ्यांमागे टेकवलेला गाळणकागद पाहिला आणि कोणीतरी तो बदलला असावा असं त्यांना क्षणभर वाटलं. तो पांढरा होता. दुधासारखा म्हणावं, तर दूध त्यांना गेल्या सहा महिन्यांत असं दिसलं नव्हतं.

काही उलगडेनासं झालं की काय करायचं ते त्यांनी नवीला शंभरदा सांगितलं असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं होतं तसं ठेवायचं.

त्यांनी नळ्यांना हात लावला नाही. दिवा बदलायला सांगितला नाही. पायसुद्धा हलवले नाहीत. फक्त रुमाल उजव्या डोळ्यावरून काढून डाव्यावर धरला.

कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवल्यासारखा झाला. दुसऱ्या नळीत जांभळट छटा आली.

रुमाल उजवीकडे. कागद पांढरा, नळी निळी.

रुमाल डावीकडे.

असं त्यांनी पाच वेळा केलं. तीन वाचनं पुरेशी असतात, पण त्यांनी पाच घेतली. दुकानदार हातातला कटर तसाच धरून बघत होता.

“माझ्या सासऱ्यांचं असंच होतं,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “एका डोळ्यात मोतीबिंदू. हळूहळू येतो ना, माणसाला कळतच नाही. ऑपरेशन करून घरी आले आणि मलाच विचारतात, काय हो, भिंतींना रंग कधी दिलात?”

बाईंनी दोन्ही नळ्या उचलल्या, उलट्या करून बुडं पाहिली. नवीचं बारीक, सरळ अक्षर. जांभळीच्या बुडाशी ‘आधी’. निळीच्या बुडाशी ‘शेवटचा थेंब’.

“हा पीस बाजूला ठेवा,” त्या म्हणाल्या. “मी कळवते.”

“पडदा पिवळट आहे ना पण?”

बाईंनी नळ्यांना कापूस गुंडाळला. तो नीट बसेना, तेव्हा पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळला.

*

रस्त्याने जाताना त्यांनी दोनदा थांबून डोळ्यावर हात धरला. एकदा दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर, एकदा वाळत घातलेल्या चादरींसमोर. लोकांनी वळून पाहिलं. त्यांनी पर्वा केली नाही.

पण एक गोष्ट जुळत नव्हती, आणि तिलाच त्या घट्ट धरून चालल्या होत्या. डोळा खराब असेल, मान्य. मग ठाऊक असलेल्या पाण्याचं उत्तर आपलं बरोबर का आलं? आणि त्या पोरीचं चूक का? तिथे तर काही लपवाछपवी नव्हती.

प्रयोगशाळेच्या फाटकापाशी त्यांची पावलं थांबली.

दर सोमवारी सकाळी बाई द्रावणाच्या नव्या बाटलीचा कस लावत. ठाऊक असलेल्या पाण्यावर ते द्रावण चालवायचं, किती लागलं ते बघायचं, आणि त्यावरून ते किती तीव्र आहे याचा आकडा बाटलीच्या चिठ्ठीवर लिहायचा. मग आठवडाभर सगळ्यांचा हिशेब त्याच आकड्यावर. हे काम त्यांनी एकतीस वर्षांत दुसऱ्या कोणाला करू दिलं नव्हतं.

सोमवारी उजवा डोळा चार थेंब उशिरा थांबत होता. चिठ्ठीवर द्रावण खरं होतं त्याहून कमी तीव्र ठरत होतं. मग मंगळवारी तोच डोळा पुन्हा चार थेंब उशिरा थांबला की कमी तीव्रता आणि जास्त थेंब यांची फिट्टंफाट होऊन उत्तर काट्यावर येत होतं. आणि जी पोरगी बरोबर थेंबाला थांबत होती, तिचं उत्तर, चिठ्ठीवरच्या त्या आकड्याने गुणल्यावर, दरवेळी कमी पडत होतं.

दरवेळी कमी. कधी जास्त नाही. घाई करणारा माणूस कधी आधी थांबतो, कधी पुढे जातो, त्याचा आकडा दोन्हीकडे उडतो. एकाच बाजूला पडणारा फरक घाईचा नसतो. हे त्या पुस्तकाचं पान उघडल्यासारखं सांगू शकल्या असत्या, दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, “बाई, बरं वाटत नाही का?”

“डोळ्यात धूळ गेलीय,” त्या म्हणाल्या.

*

नवी ओट्याशी चंबू धूत होती. बाईंनी पर्स खुंटीला अडकवली नाही, बाजूच्या स्टुलावर ठेवली.

“सोमवारचं पाणी काढ,” त्या म्हणाल्या. “ठाऊक असलेलं. आणि एक चंबू.”

“आज गुरुवार आहे, मॅडम.”

“माहितीये.”

नवीने पाणी काढलं, मोजलं, रंग टाकला. चंबू जांभळा झाला. बाईंनी तो ब्युरेटखाली ठेवला, डाव्या हाताने नळीची तोटी धरली, उजव्या हाताने चंबू गोल फिरवायला सुरुवात केली. मग मान वळवून त्या खिडकीकडे बघायला लागल्या.

“मी नाही बघत. तू बघ. थांबायचं कधी ते सांग.”

नवी जागची हलली नाही. तिने बाईंकडे पाहिलं, ब्युरेटकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. तिथे साहेब उभे आहेत की काय असं तिला वाटलं असावं.

“मॅडम, परीक्षा आहे का ही?”

“हो.”

“आज फॉर्म जाणार आहे ना माझा? त्याची?”

“बघ म्हटलं ना.”

“चुकले तर?”

बाईंनी तोटी उघडली. थेंब पडायला लागले. खिडकीबाहेर टाकीच्या कठड्यावर एक कावळा बसला होता, आणि त्याच्याकडे बघत बाईंचा उजवा हात चंबू फिरवत होता. एकतीस वर्षांत त्या हाताने डोळ्याशिवाय हे काम कधी केलं नव्हतं.

“सावकाश,” नवी म्हणाली. मग पुढे झुकून, “आता एकेक.”

थेंब. थेंब.

“अजून एक.”

थेंब.

“थांबा.”

तोटी बंद झाली. परत बघू, हे शब्द बाईंच्या जिभेवर सवयीने आले. त्यांनी ओठ मिटले. मग चंबू उचलून खिडकीच्या उजेडात धरला, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“वाच,” त्या म्हणाल्या.

नवीने डावा डोळा मिटला, ब्युरेटवरच्या खुणेसमोर आली आणि आकडा सांगितला. सोमवारी बाईंना जेवढं द्रावण लागलं होतं त्याहून चार थेंब कमी.

“पुन्हा दोनदा कर. मग नवी चिठ्ठी लाव. तुझ्या आकड्याची.”

“माझ्या?”

“आणि डोळा मिटत जाऊ नकोस उगाच. खूण वाचताना मिट, रंग बघताना दोन्ही उघडे ठेव. कोणी शिकवलं तुला हे?”

“तुम्हीच,” नवी म्हणाली.

बाईंनी पर्समधून कापूस काढला, दोन्ही नळ्या ओट्यावर ठेवल्या.

“या तू कशाला दिल्या होत्यास?”

“कॅमेरा तपासायला.”

“फक्त कॅमेरा?”

नवीने मघाशी धुतलेला चंबू पुन्हा नळाखाली धरला. तो स्वच्छ होता. तिने तो आतून घासला, विसळला, उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा विसळायला घेतला. बाईंनी तिच्या पाठीकडे पाहिलं. ही पोर रोज संध्याकाळी मागे राहून काय बघत होती, आणि केव्हापासून बघत होती, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मग स्टुलावरची पर्स उचलली.

त्या आपल्या टेबलाशी बसल्या. फॉर्म उलगडला. ‘नोंदी घाईने घेते. आकडे विश्वासार्ह नाहीत. शिफारस नाही.’ अक्षर ठसठशीत होतं. त्यांनी पट्टी घेतली, तिन्ही वाक्यांवरून आडवी एकेक रेघ मारली, खालचं सगळं वाचता येईल अशी. शेजारी सही केली, तारीख घातली. खाली नवा शेरा लिहिला. मग सोमवारची वही ओढली आणि एकेक पान मागे उलटू लागल्या. गेला सोमवार, त्याच्या मागचा, उन्हाळ्यातला, त्याच्याही आधीचा. कुठल्या पानापासून रेघ मारायची ते वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पाच वाजता साहेब स्वतःच दारात आले.

“बाई, फॉर्म?”

त्यांनी दिला. साहेबांनी उभ्यानेच वाचला. रेघांखालचं वाचलं, रेघांनंतरचं वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. ओट्याशी पाण्याचा आवाज थांबला होता.

“सकाळी तर तुम्ही…” ते म्हणाले.

“सविस्तर सांगते. ही वही घेऊन येते तुमच्याकडे. जरा वेळ लागेल.”

साहेबांनी मान हलवली. जाता जाता काहीतरी आठवून ते वळले.

“आणि तो टॅब? काय ठरवलंत?”

“घ्या,” बाई म्हणाल्या. “पडदा पांढरा आहे.”